परत घेतलेलं भाषण

आमच्या सरांच्या शर्टाच्या खिशात एखाद वेळी पेन नसे, पण लिंबू हमखास असे. पांढऱ्या शर्टाच्या वरच्या खिशाला तो गोल फुगवटा दिसला की आर्वीच्या बाजारातल्या भाजीवाल्या बाया ओळखत की आज सर कुठल्या तरी गावाला भाषणाला निघालेत. मंचावर माइक हातात आला की सर आधी खिशातून लिंबू काढत, छोट्या चाकूने दोन फोडी करत आणि एक फोड सगळ्या सभेसमोर चोखत. चोखताना तोंड असं वेडंवाकडं करत की पुढच्या सतरंजीवर बसलेल्या बायका पदर तोंडाला लावत. मग शांतपणे विचारत, "लिंबू मी खाल्लं. पाणी तुमच्या तोंडाले काऊन सुटलं?" लोक हसत, आवंढे गिळत, आणि सर मेंदूतल्या आरशांबद्दल बोलायला लागत. म्हणून आर्वीपासून देवळीपर्यंत त्यांचं नाव पडलं आरसेवाले सर. खरं नाव फक्त पगारपत्रकावर असायचं.

मी त्यांची विद्यार्थिनी. शहाण्णव साली मी बी.ए.ला मानसशास्त्र घेतलं, कारण आमच्या कापडाच्या दुकानात येणाऱ्या एका मास्तरीणबाईंनी सांगितलं होतं की हा विषय घेतला की समोरच्याच्या मनातलं ओळखता येतं. दुकानदाराच्या मुलीला आणखी काय हवं? पहिल्याच तासाला सरांनी माझ्या मनसुब्यावर पाणी ओतलं. म्हणाले, "मले कोनाच्या मनातलं काईच समजत नाई. समजत असतं तं आज सकाळी घरी भांडन झालं नसतं." वर्गात हशा पिकला. मला मात्र फसवल्यासारखं वाटलं होतं.

सरांचं एक वाक्य ठरलेलं असे. "मी म्हणतो म्हणून मानू नका." प्रत्येक तासाच्या शेवटी, हजेरीसारखं. त्यांचे वडील देवळीजवळच्या एका खेड्यात सालदार होते. छप्पन्न साली नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आले. सर सांगत, "आमच्या घरातून देव गेले, अन त्यायच्या जागी प्रश्न येऊन बसला. बाबा साधी भाजी खारट झाली तरी विचारत, काऊन झाली?" वर्गात कुणी त्यांची चूक काढली तर सर खडू त्याच्या हातात देत आणि स्वतः त्याच्या बाकावर जाऊन बसत. आम्ही चुका काढायला टपलेले असायचो, अभ्यासाच्या आवडीने नव्हे, सरांना बाकावर बसलेलं पाहायला. ते बसायचेही अगदी शहाण्या मुलासारखे, हाताची घडी घालून.

आरशांचं वेड त्यांना लागलं ते प्राध्यापकांच्या एका उजळणी वर्गात. मी तेव्हा एम.ए. करून वर्ध्याच्या एका कॉलेजात तासिकेवर शिकवायला लागले होते. सर मोठ्या शहरातून परत आले ते एका इंग्रजी मासिकातल्या लेखाची झेरॉक्स घेऊन. एसटी स्टँडवरच मला गाठलं आणि उभ्या उभ्या सांगितलं. परदेशात कुणा शास्त्रज्ञांना माकडाच्या मेंदूत अशा पेशी सापडल्या होत्या, की माकडाने शेंगदाणा उचलला तरी त्या पेटतात आणि माणसाला शेंगदाणा उचलताना नुसतं पाहिलं तरी पेटतात. दुसऱ्याची कृती आपल्या आत आरशासारखी उमटते, आणि म्हणून ती आपल्याला समजते, असं त्या लेखात ठोकून दिलेलं होतं. सरांचे डोळे भरून आले होते. "वंदना," ते म्हणाले, "मानसाले मानूस समजाव याची सोय जन्माच्या आधीच करून ठेवली आहे. जात नाई पाह्यली, धर्म नाई पाह्यला. सगळ्याच्या डोस्क्यात तोच आरसा." मला तेव्हाच कळायला हवं होतं की त्यांना हे खरं असायला हवं होतं. जे खरं असायला हवं असतं ते माणूस तपासत नाही. पण मीही त्यांच्याइतकीच हरखले होते.

मग भाषणं सुरू झाली. एप्रिलमध्ये जयंतीचे प्रबोधनाचे कार्यक्रम, गणपतीत व्याख्यानं, हिवाळ्यात कॉलेजच्या मुलांची खेड्यातली शिबिरं. सर बोलावणं आलं की नाही म्हणत नसत. मानधन घेत नसत, एसटीचं तिकीट आणि दोन लिंबं एवढाच खर्च. एकदा एका गावात भीमगीतांच्या पार्टीत पेटी वाजवणारे एक अंध गृहस्थ होते, मोठे चावट. सरांनी लिंबू चोखून नेहमीचा प्रश्न विचारला तसे ते मागून म्हणाले, "सर, मले तं दिसतच नाई. माह्या तोंडाले काऊन सुटलं मंग?" सभा खदखदली. सरांनी क्षणाचाही विलंब न लावता उत्तर दिलं, "तुमी आठवनीच्या आरशात पाह्यलं." काय टाळ्या पडल्या. पेटीवालेसुद्धा मान हलवून हसले. पुढे काही वर्षांनी सर मला म्हणाले होते, "त्या मानसानं माहं अख्खं भाषन एका वाक्यात पाडलं होतं. मी त्याले टाळ्यायखाली गाडून टाकलं."

इथपर्यंत सगळं हसण्यावारी नेण्यासारखं आहे. यापुढचं नाही.

माझी मोठी बहीण तळेगावला दिलेली. किराण्याचं दुकान, वर घर, सासू, नवरा आणि एक मुलगी, पायल. पायल पाच वर्षांची झाली तरी बोलत नव्हती. कुणाच्या डोळ्यात पाहत नसे. हाक मारली तर वळत नसे, पण दुकानाचं शटर उघडल्याचा आवाज झाला की कानावर हात ठेवी. हळदीच्या पुड्या ओळीने लावत बसे आणि कुणी एक पुडी हलवली की आकांत करी. डॉक्टर झाले, नागपूर झालं, बाबा-बुवाही झाले. ताई रडकुंडीला आली होती. मी म्हटलं, आमच्या सरांना आणते. सर म्हणाले, मी डॉक्टर नाही. मी म्हटलं, तुम्ही नुसतं पाहा. ते आले.

त्या दिवशी ओसरीवर आम्ही सगळे बसलो होतो. भाऊजी, ताई, मी, सर. ताईच्या सासूबाईंनी चहा आणला. आम्हाला कपबशीत आणि सरांना काचेच्या ग्लासात. तो ग्लास घरातल्या मांडणीतला नव्हता, बाहेरच्या कोनाड्यातला होता. मला तो कोनाडा माहीत होता. ताईलाही माहीत होता. आम्ही दोघींनी एकमेकींकडे पाहिलं आणि दोघींनीही आपापला चहा प्यायला. सरांनी ग्लास उचलला, दोन घोटांत संपवला आणि खाली ठेवला. चेहऱ्यावर काही दिसलं नाही. आज हे लिहितानाही माझे कान तापतात.

मग सरांनी पायलसमोर बसून नमस्कार केला, टाळी वाजवली, जीभ बाहेर काढून दाखवली. पायल पुड्या लावत राहिली. सरांनी पुन्हा केलं. ती उठून दुसऱ्या कोपऱ्यात गेली. सर उठले, खांद्यावरच्या दुपट्ट्याने घाम पुसणाऱ्या भाऊजींकडे वळले आणि म्हणाले, "हिच्या डोक्यातले आरसे फुटलेले आहेत. तुमचं हसनं-रडनं हिच्यापर्यंत पोचतच नाई. ही पाहीन, पन हिले समजनार नाई." भाऊजींनी विचारलं, "कधीच नाई?" सर म्हणाले, "कधीच नाई." इतक्या ठामपणे ते वर्गात कधी बोललेले मी ऐकले नव्हते. त्यांचं ठरलेलं वाक्य त्या दिवशी ते म्हणालेच नाहीत.

एखाद्या शब्दाने घर कसं बदलतं ते मी नंतरच्या तीन वर्षांत पाहिलं. आधी सासूबाई पायलला अंगाई म्हणत, त्यांनी ती थांबवली. भाऊजी दुकानातून वर आले की तिच्याशी काहीबाही बोलत, तेही बंद झालं. ताई तिला जेवू घाली, न्हाऊ घाली, पण मुकाट्याने, भांडी घासावीत तशी. आणि तिच्यासमोर सगळं बोललं जाऊ लागलं. ही जन्मली तेव्हापासून धंदा बसला, असं सासूबाई बोलत. दुसरं होऊ द्या असं नातेवाईक सुचवत, आणि ते दुसरंही असंच निघालं तर, ही भीतीही तिच्यासमोरच बोलून दाखवत. कुणी चाचरलं तर सासूबाईच म्हणत, बोला बोला, तिले का समजते.

त्यात सरांनी आणखी एक केलं. भाषणात ते पायलचं उदाहरण देऊ लागले. नाव घेत नसत, "माह्या पाहन्यातली एक पोरगी" एवढंच म्हणत. पण एका एप्रिलात ते तळेगावलाच बोलले. तळेगावात किराणा दुकानदाराची न बोलणारी मुलगी किती असणार? दुसऱ्या दिवसापासून गावातली पोरं तिला फुटका आरसा म्हणायला लागली. दुकानात तेल घ्यायला आलेला माणूस विचारी, ते आरसा फुटलेली पोरगी हेच का?

पायल आठ वर्षांची असताना तिला नागपूरकडच्या एका निवासी संस्थेत ठेवायचं ठरलं. ठरलं अर्थात जेवताना, तिच्यासमोर. सकाळच्या एसटीने निघायचं होतं. भाऊजींनी माळ्यावरची पत्र्याची पेटी खाली काढली. ताईने तिचे फ्रॉक घड्या घालून आत ठेवले आणि वाटेसाठी पोळ्या करायला स्वयंपाकघरात गेली. परत आली तर पेटी रिकामी आणि फ्रॉक फळीवर, जिथून काढले होते तिथेच. तिला वाटलं सासूबाईंचं मन पालटलं. सासूबाईंना वाटलं भाऊजींनी काढले. भाऊजी खाली दुकानात होते. ताईने पुन्हा फ्रॉक भरले आणि दाराआड उभी राहिली. पायल आली. कुणाकडे न बघता एकेक फ्रॉक काढून फळीवर ठेवला, पेटीचं झाकण लावलं आणि झाकणावर सगळ्यांकडे पाठ करून बसली.

एसटी निघून गेली, घरातून कुणी निघालं नाही. ताईने शेजारच्या फोनवरून मला फोन केला. बराच वेळ नुसती रडत होती. मग म्हणाली, "तिले समजते, वंदे. तिले आधीपासूनच समजत होतं. आमी तिच्यासमोर काय काय बोललो गं." त्या "काय काय"मध्ये जे होतं ते मला माहीत होतं.

सरांना मी त्यांच्या घरी जाऊन सांगितलं. सरांच्या पत्नी आरोग्य केंद्रात नर्स, सगळे त्यांना सिस्टरच म्हणत. त्या वाटाणे सोलत होत्या. मी पेटीची गोष्ट सांगत गेले तसे सर खुर्चीत लहान लहान होत गेले. मी थांबले तेव्हा त्यांनी एकच विचारलं, "तिनं कोनाची नक्कल केली का?" मी म्हटलं, नाही, कुणी पेटीतून कपडे काढून दाखवले नव्हते, तिने ताईच्या उलट केलं. सर म्हणाले, "उलट कराले तं आधी सुलट समजाव लागते." सिस्टरांनी वाटाण्याचं ताट बाजूला ठेवलं आणि माझ्यादेखत नवऱ्याला म्हणाल्या, "तुमी डॉक्टर नाई होते, हे तवाच त्या घरात काऊन नाई सांगतलं?"

त्यानंतर ते पुन्हा विद्यार्थी झाले. मी नागपूरच्या ग्रंथालयातून आणि पुढे पुढे इंटरनेटवरून त्यांना कागद आणून द्यायची. आरशांबद्दल खुद्द शास्त्रज्ञांमध्येच वाद होता, हे आम्हाला तेव्हा कळलं. आमच्याकडे पोचली होती ती नुसती वाहवा. सर डिक्शनरी मांडीवर घेऊन एकेक ओळ वाचत आणि मधूनच कपाळावर हात मारून घेत. "पेशी पेटली येवढंच त्यायले दिसलं," ते म्हणत. "माकडाले समजलं हे त्यायले कोनं सांगतलं? माकडाले कोनी इचारलं का?" दुसऱ्या दिवशी त्यांना आणखी काही सुचलेलं असे. साप बिळात चालला हे आपल्याला समजतं, मग आपल्याला सरपटता येतं का? फाट्यावर माणूस हात वर करतो तो एसटी थांबवायला, मास्तर करतो तो मारायला, सभेत करतात तो मत द्यायला. हात तोच, अर्थ तीन. आत हात उमटला तरी अर्थ कुठून येणार? मी म्हटलं, सर, हे तर साधं आहे. ते म्हणाले, "साधंच आहे. म्हनून तं लाज वाटते."

मग एका रविवारी ते तळेगावला आले. एकटे यायला धजत नव्हते, म्हणून मी सोबत. ओसरीवर सगळे होते. सर खुर्चीवर बसलेच नाहीत. पायल भिंतीशी बसली होती, तिच्यापासून थोड्या अंतरावर ते जमिनीवर बसले आणि तिला म्हणाले, "पोरी, मी तुह्याबद्दल चुकीचं बोललो. मले माहीत नव्हतं, तरी बोललो." पायल उठली आणि आत निघून गेली. भाऊजींनी हळूच विचारलं, "समजलं असन का तिले?" सर म्हणाले, "मले माहीत नाई. या बारीले मी काई सांगनार नाई."

चहा आला, सगळ्यांना कपबशीत. ताईनेच केला होता. कप सरांच्या हातात देऊन ती तिथेच उभी राहिली आणि म्हणाली, "सर, तुमी घरात येऊन माफी मागतली. पन बोलले तं होते गावासमोर, माइकवर. माह्या पोरीले पोट्टे फुटका आरसा म्हनतेत. ते कोन परत घेईन?" माझी ताई आयुष्यात कुणाला असं बोललेली नव्हती. सरांनी कप खाली ठेवला आणि होकारार्थी मान हलवली.

परतीच्या एसटीची वाट पाहत आम्ही फाट्यावर उभे होतो. कापसाच्या गाड्या जात होत्या. सर त्या गाड्यांकडे बघत होते. मग त्यांनी मला ते सांगितलं जे त्यांनी बहुधा सिस्टरांनाही सांगितलेलं नव्हतं.

"त्या दिवशीचा ग्लास," ते म्हणाले. "तुह्या घरच्यायनं चहा देला. पाहनाऱ्याले काय दिसन? चहा देला. त्याच्या डोस्क्यात हजार आरसे असले तरी तेच दिसन. मले त्याचा अर्थ समजला, कारन माह्या बापानं असे वेगळे ठेवलेले गंज-ग्लास सोता धुवून ठेवले होते. तिथं बसल्या बसल्या माह्या हातात उत्तर होतं, वंदना. अन मी आरशायचं भाषन देत होतो."

मी म्हणाले, सर, मी तो ग्लास पाहिला होता. ते म्हणाले, "माहीत आहे. तू खाली पाहून राह्यली होती." आणि मग, माझ्याकडे न पाहता, "मले राग आला होता. मले त्या घरात मोठं व्हाचं होतं. तुमच्याजवळ नाई असं काई माह्याजवळ आहे, हे दाखवाचं होतं. तो मानूस इचारत होता, कधीच नाई? मले म्हनाले पाह्यजे होतं, माहीत नाई. मी म्हनलो कधीच नाई. ग्लास त्यायनं देला, अन शिक्षा म्या पोरीले देली."

एसटी आली. मी सरांना खिडकीची जागा दिली. मला त्यांच्याबद्दल लाज वाटत होती की माझ्या माणसांबद्दल, हे मला वेगळं काढता येईना. अजूनही येत नाही.

पुढचे तीन एप्रिल सर ज्या ज्या गावात बोलले होते त्या त्या गावात पुन्हा गेले. बोलावणं नसे. आयोजकांना म्हणत, मला फक्त पाच मिनिटं द्या. आयोजक अवघडत. एक भाषण द्यायला लोक बोलावतात, दिलेलं भाषण परत घ्यायला कोण बोलावतो? एका गावात तर मंडळाच्या अध्यक्षांनी हात जोडून सांगितलं, सर, लिंबूवालंच द्या, लोकांना तेच आवडतं. देवळीकडच्या एका गावात मी त्यांच्यासोबत होते. सर माइकपुढे उभे राहिले, खिसा रिकामा, लोक वाट पाहताहेत. कुणीतरी मागून ओरडलं, "सर, लिंबू घरीच राह्यलं का?" सगळी सभा हसली. मी माझ्या चपलांकडे बघत बसले. सरांनी हशा संपू दिला. मग सापाचं सांगितलं, हाताचं सांगितलं, आणि शेवटी, "आरशायचं जे मी तुमाले पक्कं म्हनून सांगतलं ते पक्कं नाई. मी तपासलं नव्हतं. ते मी परत घेतो." कुणी टाळी वाजवली नाही. मंडपवाल्याने त्यांचं वाक्य संपायच्या आत गाणं लावलं.

मी चिडून म्हटलं, सर, पुरे झालं, कुणाला पडलेली नाही. ते म्हणाले, "पोरीची गोष्ट ज्या ज्या कानात गेली, त्या त्या कानात हे जाव लागन." मी म्हटलं, जात नाहीये. ते म्हणाले, "हो. चूक बसनं जाते. दुरुस्ती पायी पायी जाते." आणि पुन्हा पुढच्या गावाची एसटी विचारायला गेले.

तळेगावला मात्र लोक हसले नाहीत. तिथे सर म्हणाले, "या गावच्या एका लेकरासाठी मी जो शब्द वापरला तो खोटा होता. तो शब्द पुन्हा कोनी वापरला तं तो माहा गुन्हा समजा, तिचा नाई." मंडपाच्या कडेला ताई पदर घट्ट धरून उभी होती. पायलला लाउडस्पीकर सोसत नाही म्हणून ती घरी होती. त्या दिवसानंतर पोरांनी चिडवणं सोडलं असं म्हणता येणार नाही. कमी झालं. घरात मात्र सगळे तिच्याशी बोलू लागले, आणि तिच्यासमोर बोलताना जपू लागले. पायल बोलायला लागली नाही, ते आधीच सांगून टाकते. पण ताई म्हणते, आता घरात शांतता वेगळी आहे.

दोन हजार नऊच्या हिवाळ्यात सर गेले. निवृत्तीला थोडे दिवस उरले होते. कॉलेजच्या सभागृहात शोकसभा ठेवली होती. समोर हार घातलेला फोटो, पहिल्या रांगेत पांढऱ्या साडीत सिस्टर, मागे विद्यार्थी, गावोगावचे कार्यकर्ते. वक्त्यांच्या यादीत विद्यार्थ्यांच्या वतीने माझं नाव होतं. तळेगावहून ताई आली होती आणि सोबत पायल. त्या अगदी मागे, दाराजवळ बसल्या होत्या. पायलच्या कानावर मफलर बांधलेला होता.

पहिले वक्ते लिंबावर बोलले. दुसरेही. तिसरे एक पुढारी होते. ते म्हणाले, सरांनी आपल्या जिल्ह्याला मेंदूतले आरसे दिले, ज्यांच्यामुळे माणसाला माणूस समजतो, हे विज्ञान त्यांनी खेड्यापाड्यांत पोचवलं, आणि हाच त्यांचा ठेवा आहे. लोक माना डोलवत होते. सिस्टर मांडीवरच्या हातांकडे बघत होत्या. माझ्या हातात माझ्या भाषणाचा कागद होता. मलाच आता त्याची शिसारी आली, कारण त्याची पहिली ओळसुद्धा लिंबाचीच होती. ती गोष्ट सांगायला फार सोपी होती आणि लोकांना आवडणार होती.

तेवढ्यात मागून ताईचा आवाज आला. ती उभी राहिली होती. माइक नव्हता, पण आवाज सगळ्यांना ऐकू गेला.

"सरायनं ते परत घेतलं होतं," ती म्हणाली. "आमच्या गावात, मी सोता ऐकलं. तीन वर्स फिरले ते त्याच्यापायी. आता ते गेल्यावर पुन्हा त्यायच्या अंगावर टाकू नका."

सगळ्या माना मागे वळल्या. पुढारी माइकला धरून उभे राहिले, मग म्हणाले, ठीक आहे, ठीक आहे, भावना समजू शकतो, आणि खाली बसले. सूत्रसंचालकाने घाईघाईने यादी पाहिली. पहिल्या रांगेतून सिस्टर उठल्या, सगळं सभागृह ओलांडून मागे गेल्या आणि पायलच्या शेजारी, थोडी जागा सोडून बसल्या.

माझं नाव पुकारलं गेलं. मी कागद खुर्चीवरच ठेवला, माइकपाशी गेले, आणि ताईने जे सांगितलं होतं तेच पुन्हा एकदा सांगितलं.